मुक्कामाच्या दिवशी पाय काय करतात?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला, डोंगरांच्या कुशीत हॉट स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम पाचशेच्या आसपास. गावाच्या मुख्य रस्त्यावरून चालताना पदपथात शंकरपाळ्याच्या आकाराच्या खुणा बसवलेल्या दिसतात. त्या खुणांवर ‘ए’ आणि ‘टी’ ही दोन अक्षरं आहेत. ॲपलाचियन ट्रेल ही जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पायवाटांपैकी एक, आणि ती इथे चक्क गावातून जाते. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, 14 राज्यांतून, सुमारे 3,500 किलोमीटर. बाकी ठिकाणी रानातून, डोंगरधारेवरून, झाडांवर रंगवलेले पांढरे पट्टे शोधत जायचं. इथे मात्र वाट खानावळीच्या आणि दुकानांच्या दारांवरून जाते, फ्रेंच ब्रॉड नदीचा पूल ओलांडते आणि पुन्हा चढाला लागते.

दक्षिणेकडून निघालेला माणूस इथे पोहोचतो तेव्हा सुमारे 440 किलोमीटर मागे पडलेले असतात. बहुतेकांना त्यासाठी तीन-चार आठवडे लागतात. पुढे तीन हजारांहून अधिक किलोमीटर बाकी आहेत, हिवाळ्याच्या आत कटाडिन गाठायचं आहे, तरीही यांतले कितीतरी जण इथे एक पूर्ण दिवस जागचे हलत नाहीत. या दिवसाला ट्रेलवर ‘झिरो’ म्हणतात. त्या दिवशी पुढे गेलेलं अंतर शून्य, म्हणून झिरो. दुपारपर्यंत थोडंसं चालून गाव गाठलं आणि तिथेच राहिलं, तर तो ‘निरो’.

अंतराच्या वहीत शून्य लिहिलेला हा दिवस मला सगळ्या प्रवासातला सर्वांत विलक्षण दिवस वाटतो. माणूस पलंगावर आडवा पडलेला असतो आणि त्याच्या कातडीखाली इतकी कामं एकाच वेळी चाललेली असतात की, पुढच्या तीन हजार किलोमीटरचे पाय तिथे, त्या पलंगावर, घडत असतात.

गावात शिरण्याआधीचा दीड-दोन दिवसांचा रस्ता पाहू. मॅक्स पॅच नावाचा एक उघडाबोडका, गवताळ माथा सुमारे 1,400 मीटर उंचीवर आहे. तिथून हॉट स्प्रिंग्ज 30-32 किलोमीटर, आणि गावाची उंची अवघी 400 मीटर. म्हणजे मधले चढउतार सोडले तरी हजार मीटर खाली यायचं, पाठीवर सॅक घेऊन. सह्याद्रीतले गड उतरलेल्या कोणालाही याचा अर्थ सांगायला नको. चढताना छाती भरून येते, पण दुसऱ्या दिवशी पाय बोलतात ते उतरण्यामुळे.

याचं कारण स्नायूंच्या कामाच्या पद्धतीत आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीराला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेक म्हणून काम करतो: तो आखडायचा प्रयत्न करत असतो आणि शरीराचं वजन त्याला त्याच वेळी ताणत असतं. ताणलं जात असताना जोर लावायचा, या ओढाताणीत स्नायूंचे सूक्ष्म धागे जागोजागी विस्कटतात. त्या ठिकाणी सूज येते आणि एक ते तीन दिवसांत दुखणं ऐन भरात येतं. म्हणूनच गावात आल्यावर सकाळी अंथरुणातून उठताना माणसाला जिन्याच्या चार पायऱ्याही भिंतीला धरून उतराव्या लागतात.

विस्कटलेल्या धाग्यांची डागडुजी करणाऱ्या पेशी स्नायूतच असतात. 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्या दिसल्या. स्नायूच्या धाग्याला बाहेरून चिकटून बसलेल्या, म्हणून त्यांना उपग्रह पेशी हे नाव मिळालं. एरवी त्या निपचित असतात. जवळपास इजा झाली की जाग्या होतात, आपली संख्या वाढवतात आणि जखमी धाग्यात मिसळून जातात. मॅक्स पॅचच्या उतारावर पायांनी जे सोसलं, त्याची दुरुस्ती ही अशी बिनबोभाट होते.

आता इंधनाकडे येऊ, कारण इथली गोष्ट तर कुणी रचून सांगितली असती तरी खरी वाटली नसती. चालणाऱ्या माणसाकडे चरबीचा साठा भरपूर असतो, पण खडा चढ आला की स्नायूंना चटकन जळणारी साखर लागते. ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. स्नायूंत साधारण 400 ते 500 ग्रॅम, यकृतात शंभरेक ग्रॅम. रोज आठ-दहा तास चालून, अपुरं खाऊन हा साठा कधीच पुरता भरत नाही. तो भरतो कसा, हे 1966 मध्ये स्वीडनमधल्या योनास बेरिस्ट्रम आणि एरिक हुल्टमन या दोन संशोधकांनी शोधलं, तेही स्वतःच्याच पायांवर. व्यायामाच्या एकाच सायकलीच्या दोन बाजूंना ते दोघे बसले. एकाने फक्त डावा पाय चालवायचा, दुसऱ्याने फक्त उजवा. दुसरा पाय स्वस्थ. त्राण संपेपर्यंत त्यांनी पेडल मारलं. मग दोन्ही मांड्यांत जाड सुई खुपसून स्नायूचा कणभर तुकडा काढला आणि त्यातलं ग्लायकोजेन मोजलं. दमलेला पाय जवळपास रिकामा झाला होता. त्यानंतर तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय अन्न खाल्लं आणि पुन्हा पुन्हा दोन्ही पायांतले नमुने काढले.

दमलेल्या पायाने स्वस्थ पायाची बरोबरी साधली आणि तिथे तो थांबला नाही. तीन दिवसांत त्यातला साठा स्वस्थ पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला. रक्त तेच, जेवण तेच, माणूस तोच. तरी साखर गेली ती मुख्यतः त्या एका पायात, ज्याने काम केलं होतं. म्हणजे मागणी मेंदूने किंवा रक्ताने केलेली नव्हती. ती स्वतः त्या स्नायूने केली होती. पुढच्या काळात त्याची यंत्रणाही उलगडली. आखडणाऱ्या स्नायूच्या पेशी साखर आत घेणारी प्रथिनं आपल्या पृष्ठभागावर आणून ठेवतात, आणि साठा जितका कमी, तितका तो भरणारा विकर जोमाने काम करतो. काम केलेल्या पायाची ही आठवण किती नेमकी असते, याचा विचार केला की मला आजही नवल वाटतं.

आता ट्रेलवरून येऊन हॉट स्प्रिंग्जच्या खानावळीत बसलेल्या एखाद्या मुलीकडे पाहा. तिच्या पुढ्यात बटाट्याच्या कापांचा ढीग आहे, पॅनकेक आहेत, वर सोडा. बाजूच्या टेबलावरच्या गावकऱ्याला ही खादाडी वाटेल. तिच्या मांड्या मात्र महिनाभराची थकबाकी वसूल करत आहेत. साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही स्नायूत मुरतं. म्हणून पुरत्या रिकाम्या झालेल्या माणसाचं वजन दिवसभर आडवं पडून, खाऊन-पिऊन दीडेक किलोने वाढू शकतं. ते वजन पाहून दचकायचं कारण नाही. ती चरबी नव्हे, पुढच्या चढांची शिदोरी आहे. उतारावर स्नायू फार विस्कटले असतील तर ही भरती मंदावते, आणि मग एका दिवसाने भागत नाही.

कंडरांचं गणित याहून वेगळं आणि अधिक चिवट. घोट्यामागची जाड कंडरा किंवा तळव्याखालचा पट्टा मुख्यतः कोलॅजेनचा बनलेला असतो. जोरकस श्रमानंतर त्यात दोन कामं एकाच वेळी सुरू होतात: जुनं कोलॅजेन मोडणं आणि नवं घडवणं. डॅनिश संशोधकांनी दाखवून दिलं की, पहिला दिवस-दीड दिवस मोडणं हे घडवण्याच्या पुढे असतं. त्यानंतर पारडं फिरतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत निव्वळ भर पडत राहते. रोज सकाळी उठून पुन्हा चालायला लागलेल्या माणसाच्या कंडरेला तो दुसरा टप्पा नीट मिळतच नाही. सकाळी तंबूतून बाहेर पडताना टाच टेकवत नाही, पहिली पाच मिनिटं लंगडत काढावी लागतात, हे लांब चालणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं.

हाडांची गत तर आणखी संथ. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्ये कूच करून आलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. कुणी पडलं नव्हतं, कुणाला मार लागला नव्हता. पुढे क्ष-किरण आल्यावर कळलं की, पावलातलं लांबट हाड नुसत्या चालण्याने तडकलं होतं. हाडातल्या काही पेशी थकलेला भाग पोखरून काढतात आणि दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. पोखरण्याला काही आठवडे लागतात, भरण्याला काही महिने. मधल्या काळात हाड काही ठिकाणी आधीपेक्षा कच्चं असतं, आणि हा कच्चा काळ नवख्या माणसाच्या नेमक्या पहिल्या एक-दोन महिन्यांत येतो. एका मुक्कामाने हाड पुरतं भरत नाही, पण अधूनमधून मिळालेला उसंतीचा दिवस भेगेची वाढ रोखू शकतो. एका पावलात 26 हाडं असतात, आणि वजनाखाली ती महिनोन्‌महिने पसरत राहतात. अनेकांना वाटेत अर्धा ते एक नंबर मोठे बूट घ्यावे लागतात, आणि घरी परतल्यावर जुने बूट बसत नाहीत.

भुकेबद्दल लिहायला हवंच, कारण ट्रेलवर तिला स्वतंत्र प्रतिष्ठा आहे. पहिले एक-दोन आठवडे उलट जेवण जात नाही. मग अचानक अशी भूक खवळते की पोट भरतं पण मन भरत नाही. दिवसाला 4,000 ते 6,000 कॅलरी खर्च होतात. पाठीवर तेवढं अन्न वाहणं अशक्य, कारण माणशी रोजचं साधारण एक किलो धरलं तरी पाच दिवसांचे पाच किलो होतात. रोज दीड हजार कॅलरींची तूट पडली तर पाच दिवसांत किलोभर चरबी झडते. पेनसिल्व्हेनियात, ट्रेलच्या साधारण मध्यावर पाइन ग्रोव्ह फर्नेस नावाचं उद्यान आहे. तिथे अर्धा गॅलन, म्हणजे जवळजवळ दोन लिटर आइस्क्रीम एका बैठकीत संपवण्याची रीत आहे, आणि लोक ते खरोखर संपवतात.

ही भूक निव्वळ हावरटपणा नव्हे, हे मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगातून कळतं. 1944-45 मध्ये अँसेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात लढायला नकार देणारे हे तरुण स्वेच्छेने आले होते, आणि युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे शोधायचं होतं. त्यांना आठवड्याला 35 किलोमीटर चालावंही लागे. हळूहळू त्यांच्या बोलण्यात, स्वप्नात फक्त अन्न उरलं. काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. पोटभर जेवण पुन्हा सुरू झाल्यावरही कित्येकांची भूक लवकर शमली नाही. झडलेलं मांस आणि चरबी भरून येईपर्यंत शरीर ओरडत राहतं. ट्रेलवरच्या माणसाची तूट एवढी भयंकर नसते, पण मुक्कामाच्या गावात ऐकू येणारं ओरडणं त्याच जातीचं.

एवढं सगळं शरीराच्या आत घडतं, पण ते घडायला बाहेर एक गाव लागतं. मला ही बाजू तितकीच अद्भुत वाटते. पोस्टाचंच घ्या. अमेरिकेच्या टपाल खात्यात ‘जनरल डिलिव्हरी’ नावाची जुनी सोय आहे. पत्त्यात नुसतं माणसाचं नाव आणि गावाचं पोस्ट लिहायचं. माणूस येईपर्यंत, ठरावीक मुदतीच्या आत, पार्सल पोस्टात थांबून राहतं. महिन्यापूर्वी घरून निघालेला खोका आणि महिन्यापूर्वी घरून निघालेला माणूस, दोघंही वेगवेगळ्या वाटांनी त्याच छोट्या खिडकीशी येऊन भेटतात. खोक्यात ओट्स, सुका मेवा, मोजे, एखादं पत्र. जास्तीचं जे असेल ते ट्रेलवाल्यांच्या वसतिगृहाच्या कोपऱ्यातल्या पेटीत टाकायचं, ज्याला हवं त्याने न विचारता घ्यायचं. कुणाचा अर्धा डबा पीनट बटर, कुणाची नको झालेली टोपी.

अशा सोयींशिवायही लोक चालले आहेत. 1955 मध्ये ओहायोच्या एमा गेटवुड या 67 वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने ही सगळी वाट एकटीने, एका हंगामात पूर्ण केली. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, ना तंबू ना झोपायची पिशवी. अनेक रात्री त्यांनी अनोळखी लोकांची दारं ठोठावून काढल्या. कुणी पलंग दिला, कुणी पडवी, कुणी नुसतं पाणी.

हॉट स्प्रिंग्जला पाहुण्यांची सवय त्याहून जुनी. जमिनीतून वर येणाऱ्या गरम पाण्यासाठी लोक इथे पूर्वापार येत. पहिल्या महायुद्धात इथल्या मोठ्या हॉटेलच्या आवारात दोन हजारांहून अधिक जर्मन नागरिकांना, मुख्यतः व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना, स्थानबद्ध करून ठेवलं होतं. त्यांनी टाकाऊ लाकडांतून तिथे एक छोटंसं जर्मन खेडं उभारलं. त्याआधी, 1916 मध्ये, इंग्लंडचे लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प गावातल्या जेन जेंट्री या बाईंकडे बसून साठाहून अधिक गाणी टिपून घेऊन गेले. समुद्रापलीकडून आलेली जुनी इंग्रजी-स्कॉटिश कथागीतं या डोंगरातल्या स्वयंपाकघरांत जिवंत राहिली होती.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना पुण्याचा मुक्काम आला असेल. यायलाच हवा. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी पुण्यात येते आणि इथे एक पूर्ण दिवस थांबते. माउली भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबाराय नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दिवशी पेठांमधून हिंडून पाहावं. महापालिकेच्या शाळांच्या व्हरांड्यांत धुतलेली धोतरं आणि लुगडी वाळत असतात. कुणी वारकऱ्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळतोय, चर्मकार फुकट चपला शिवून देतायत, नाभिक दाढ्या करतायत, डॉक्टर फोडांना मलमपट्टी करतायत. दुसऱ्या दिवशी माउलींबरोबर चालणाऱ्यांपुढे दिवे घाट असतो, सासवडपर्यंतची तीसेक किलोमीटरची लांब चाल असते. मुक्काम पुण्यात पडण्याची कारणं दर्शनाची, परंपरेची. पण घाटाच्या आदल्या दिवशी पायांना मिळालेली ही उसंत शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही अगदी जागच्या जागी आहे.

वारीच्या मुक्कामांचं आणखी एक काम आहे, आणि ते मला फार देखणं वाटतं. आषाढी एकादशी ठरलेली, तिच्या आधी पंढरपूर गाठायचंच. पण तिथी काही घड्याळाने चालत नाहीत. कधी एखादी क्षय पावते, कधी एखादीची वृद्धी होते, आणि वाटेसाठी मिळणारे दिवस दर वर्षी थोडे कमी-जास्त होतात. हा फरक रोजच्या चालीवर फारसा येत नाही. तो मुक्कामांत जिरवला जातो. माउलींच्या पालखीचा लोणंदचा मुक्काम म्हणूनच कुठल्या वर्षी एक दिवसाचा, कुठल्या वर्षी दीड, तर कुठल्या वर्षी अडीच दिवसांचा असतो. ट्रेलवरचे जाणकारही हेच करतात. पावसाचे, तापाचे, मुरगळलेल्या घोट्याचे दिवस ते गावातल्या मुक्कामांतून वळते करून घेतात.

गावांवरही दिवस येतात. 27 सप्टेंबर 2024 रोजी हेलीन चक्रीवादळाने फ्रेंच ब्रॉड नदी आणि स्प्रिंग क्रीक ओढा फुगले आणि हॉट स्प्रिंग्जच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. त्याच वादळाने व्हर्जिनियातल्या डमास्कसलाही झोडपलं, जिथे 1987 पासून दर मे महिन्यात ट्रेलवाल्यांचा मेळावा भरतो. ट्रेलवर चाललेल्यांना ही बातमी आपल्याच गावची वाटली असणार. जिथे त्यांना झोप लागली, पोट भरलं आणि दुखरे पाय पुन्हा उभे राहिले, ती ही गावं.

तुम्ही सह्याद्रीतली आठ-दहा दिवसांची चाल, हिमालयातला लांबचा ट्रेक किंवा वारी ठरवत असाल, तर वेळापत्रक आखताना मुक्कामाचे दिवस आधी लिहा आणि चालायचे दिवस मग. पहिल्या आठवड्यात निदान एक पूर्ण दिवस सोडा, आणि तो शक्यतो मोठ्या उतारानंतर ठेवा. त्या दिवशी भात, पोळी, बटाटा पोटभर खा, दुपारी झोपा, आणि बरं वाटतंय म्हणून किल्ल्यावर चक्कर मारायला जाऊ नका.